पखुर्ड्यांची पाण्यावर येण्याची वेळ

खडकमाळ,
सोमवार, १३ जानेवारी २०२५

प्रिय हन्ना, सलाम.

तुझं नाताळचं पत्र मिळालं. केक पाठवला नाहीस, तेही लक्षात ठेवलं आहे. फोन लागत नाही म्हणून रागावलीस. बाई गं, इथे रेंज यायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं आणि सहासष्टाव्या वर्षी मी फक्त पक्ष्यांसाठी चढतो. शिवाय तुझा फोन आधी नोहा उचलतो, मग तू जे बोलतेस ते लेकासमोरचं बोलणं असतं. तू नर्सिंगला गेलीस तेव्हापासून आपण पत्रं लिहितोय. तेच बरं.

निवृत्त झाल्यावर भावाच्या डोक्यावर परिणाम झाला, असं तू देवळालीभर सांगतेस म्हणे. एकदा येऊन बघ. हे राखीव रान फार मोठं नाही. वर गवताळ माळ, मध्ये बोरी-बाभळी, खाली पाझर तलाव आणि तलावापलीकडे उसाचं शिवार. तासाभराच्या चालीत चंडोल, भोवत्या, तितर, थापट्या सगळे भेटतात. सध्या माझी मर्जी पखुर्ड्यांवर आहे. हा पक्षी घड्याळ लावल्यासारखा सकाळी पाण्यावर येतो. नर पोटाची पिसं भिजवून तेवढं पाणी पिलांना नेऊन पाजतो. काल एकशे चाळीस मोजल्या. फाटकावर माझा फळा आहे, त्यावर दर रविवारी काय दिसलं, कुठे आणि किती वाजता, ते लिहितो. अडतीस वर्षं मास्तरकी केली, खडूशिवाय हात शिवशिवतो.

सगळं गोडच आहे असं समजू नकोस. मंगळवारी तारेच्या फासात कोल्हा सापडला. सुटायला त्यानं स्वतःचा पाय चावून निम्मा तोडला होता. इथला रखवालदार अंगद, रोजंदारीवर आहे, चौतिशीचा, त्यानं काठीच्या एका घावात त्याला मोकळं केलं आणि मग बांधावर बसून ओकला. फास लावणारा सापडला तर त्याच तारेनं त्याचा गळा आवळीन, म्हणाला. मी म्हटलं, तार मी धरतो. तू म्हणशील, ख्रिस्ती माणसानं असं बोलू नये. तू कोल्हा बघितला नाहीस.

नोहाला सांग, ये एकदा. दहा वर्षांचा असताना इथे माझ्या मांडीला मांडी लावून बसायचा, तितराची शीळ माझ्यापेक्षा बरी घालायचा. गेल्या महिन्यात फाटकाशी दिसला होता. ज्या ठेकेदाराकडे कामाला आहे, त्याची जीप उभी करून फळा वाचत होता. जुनी आवड जागी झाली असेल, तर मला फार आनंद होईल.

तुझा
गिदोनदादा


देवळाली प्रवरा,
सोमवार, २० जानेवारी

प्रिय दादा, सलाम.

केक तीन दिवसांत संपला. तुझ्या वाट्याचा मीच खाल्ला आणि साखर तपासून घेतली.

काल उपासनेहून आले आणि घरात पाऊल टाकते तो ओट्यावर सिमेंटची गोणी. आत अकरा पाखरं. नोहा पहाटेच जीप घेऊन गेला होता, बाराला परतला. कुठली रे, विचारलं तर म्हणे, पाहुण्यांनी दिली, तितर आहेत. दादा, तितर मला कळतात. ही वेगळीच होती. कबुतराएवढी, पोटाला काळपट तपकिरी आणि शेपटीतून दोन पिसं सुईसारखी बाहेर आलेली. तू असतास तर माझ्या अंगावर धावून आला असतास, पण मेलेल्या पाखराचं करायचं काय? रस्सा केला. पहिल्याच घासाला दाताखाली छर्रा आला आणि दाढेचा टवका उडाला.

गंमत अशी की ज्यानं आणली त्यानं एक तुकडा खाल्ला नाही. अंगावरचा सदरा पार रक्तानं माखलेला, बाह्यांपर्यंत. एवढ्याशा पाखरांचं एवढं रक्त कसं, म्हणून मी हसले, तर वसकन अंगावर आला. सदरा मी गार पाण्यात भिजवून धुतला. चाळीस वर्षं वॉर्डात काढली, रक्ताचा डाग कसा काढायचा ते मला कुणी शिकवायला नको. तो मात्र तिन्हीसांजेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून होता. लग्नाचा विषय काढू का? एकोणतीस वर्षांचा घोडा झाला, घरात मन रमत नाही त्याचं.

तू थंडीत फिरताना कानटोपी घाल.

तुझी
हन्ना


अहिल्यानगर,
सोमवार, २० जानेवारी

प्रिय हन्ना,

सिव्हिल हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय. अंगद आत आहे. वाचेल का, कुणी सांगत नाही.

काल सकाळी मी वरच्या माळावर तिपाईवर मोठी दुर्बीण लावून पखुर्ड्यांची वाट बघत होतो. त्या आठ वाजून अठरा मिनिटांनी उतरल्या. पाण्याला चोच लागली आणि सगळा थवा फुटला. दोन सेकंदांनी बार ऐकू आला, कारण तलाव तिथून सहा-सातशे मीटर लांब आहे. बाभळीआड तिघं होते, तोंडाला मफलर बांधलेले. दुसरा बार, तिसरा. पाणी पिणाऱ्या पक्ष्यांवर, गर्दीत, नेमसुद्धा न धरता.

अंगद बांधावरून काठी घेऊन धावला. त्यानं पहिल्याच्या खांद्यावर काठी घातली. बंदूकवाल्यानं वळून त्याच्या तोंडावर बार टाकला. चार हातांवरून. अंगद गुडघ्यावर बसला, दोन्ही हात तोंडावर. मग तिसरा, उंच होता, त्यानं बंदूक हिसकावून घेतली, नळीकडून धरली आणि दस्ता अंगदच्या डोक्यात घातला. तो पडला तरी घालत राहिला. मी सहा घाव मोजले. हन्ना, मी मोजत होतो. मला सवय आहे ना मोजायची. माझ्या दुर्बिणीत ते दहा हातांवर होतं आणि मी काही करू शकत नव्हतो. ओरडलो, तर वाऱ्यानं आवाज माझ्याच तोंडावर आणून टाकला.

पळालो. दोनदा पडलो. पोहोचेपर्यंत ते जीपमधून निघून गेले होते. अंगदचा डावा डोळा नव्हता आणि कानावर हाड बोटाखाली दबत होतं. आजूबाजूला तीन पखुर्ड्या तुटक्या पंखांनी गरगरत होत्या. मी त्यांच्या माना पिरगाळल्या. एका हातानं अंगदचं डोकं धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं ते करत होतो.

पोलिसांनी जबाब घेतला. चेहरे झाकलेले होते, कुणी ओळखू आलं नाही, असं लिहून दिलं.

नोहा काल कुठे होता? सहज विचारतो.

गिदोन


देवळाली प्रवरा,
शुक्रवार, २४ जानेवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र वाचलं. अंगदसाठी रोज प्रार्थना करते. त्याच्या बायकोला माझा निरोप दे, जखमेला हवा लागू द्यायची नाही म्हणावं.

नोहाचं विचारलंस. त्याला शनिवारपासून ताप होता. रविवारी दिवसभर घरातच होता, मीच पट्ट्या ठेवत होते. ती पाखरं त्यानं शुक्रवारी घोडेगावच्या बाजारात कुणाकडून तरी घेतली होती. मी मागच्या पत्रात घाईत काहीबाही लिहिलं. माझं हल्ली असंच होतं, दिवसाचा घोळ होतो. ते पत्र फाडून टाक. चुलीत घातलंस तरी चालेल. पोलीस येतात-जातात, उगाच कुणाच्या हाती लागलं तर नसता ताप.

तू म्हातारा झालास, डोळ्यांवर ताण देऊ नकोस. एवढ्या लांबून माणसाला काय दिसतं?

हन्ना


खडकमाळ,
मंगळवार, २८ जानेवारी

हन्ना,

काल दुपारी अंगद गेला. आता हा खून आहे.

मी तुझ्याशी खोटं बोललो, आधी ते सांगतो. तिसऱ्याला मी तिथेच ओळखलं होतं. भोवत्या आकाशात ठिपक्याएवढा असला तरी मी त्याला ओळखतो, रंगावरून नाही, पंख कसे धरतो त्यावरून. उजवा खांदा खाली सोडून चालणारा माणूस मला ओळखू येणार नाही? तो खांदा बोरीच्या झाडावरून पडून मोडला, तेव्हा मीच त्याला पाठंगुळीला घेऊन दवाखान्यात धावलो होतो. तरी मी 'ओळखू आलं नाही' लिहिलं. तुझ्यासाठी लिहिलं. आणि बुधवारी तुझं पहिलं पत्र आलं, माझ्या पत्राची गाठ पडण्याआधीच टाकलेलं.

पोटाला काळपट तपकिरी, शेपटीत दोन सुया. पखुर्डीचं याहून नेमकं वर्णन मी कुणा शिकलेल्या पक्षी-अभ्यासकाकडून ऐकलं नाही. पखुर्डी घोडेगावच्या बाजारात मिळत नाही. पहाटे गेला, बाराला आला, बाह्यांपर्यंत रक्त, हे तुझ्याच अक्षरात आहे. तापात माणूस जीप चालवत नाही. खोटं बोलायचं तर नीट बोल, तू लहानपणीही यात कच्ची होतीस.

अंगदची बायको जया काल शवागाराबाहेर माझ्यासमोर बसली. रडली नाही. म्हणाली, "मास्तर, तुमी एवढी एवढी पाखरं लांबनं वळखिता. त्यो नर, ती मादी सांगता. अन् माज्या मान्साला मारनारा मानूस न्हाई वळखला व्हय?" माझ्या कोटाच्या खिशात तुझं पत्र होतं.

येत्या रविवारपर्यंत थांबतो. तू त्याला घेऊन ठाण्यात जा. नाही गेलीस तर सोमवारी मी तुझं पत्र आणि माझा खरा जबाब देणार.

गिदोन


देवळाली प्रवरा,
शुक्रवार, ३१ जानेवारी

दादा,

अक्षर वाकडं आहे. मोरीत घसरले, मनगट सुजलंय.

मी त्याला विचारलं. तुझ्याकडे माझं पत्र आहे तेही सांगितलं, म्हणजे तरी खरं बोलेल असं वाटलं. बोलला. काय बोलला ते ऐक आणि मग तुझा खरा जबाब दे.

ठेकेदाराच्या पाहुण्यांना शिकार हवी होती. कुठे आणि कधी, हे नोहाला कुठून कळलं? तुझ्या फळ्यावरून. "मामानंच लिहून ठेवलं होतं, उत्तरेचा काठ, आठ वीस, एकशे चाळीस," असं म्हणाला. हसत म्हणाला, दादा, मला त्या हसण्याची भीती वाटली. रानाच्या फाटकावर, रस्त्याच्या कडेला, तू पाखरांच्या मरणाची जागा आणि वेळ दर रविवारी सुवाच्य अक्षरात लिहीत होतास. कुणासाठी? चार पोरांनी 'वा मास्तर' म्हणावं म्हणून? अंगद तिथे मेला त्यात तुझा खडू नाही का? लपून कसं बसायचं ते त्याला तूच शिकवलंस. मी त्याला फक्त जेवू घातलं.

तुला मूलबाळ नाही, म्हणून तुला सोमवार ठरवता येतो. माझ्या पोटचा तो एकटा आहे. त्याचे वडील गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि मी रात्रपाळ्या करून त्याला वाढवलं. वाईट वाढवलं असेन. पण म्हणून मी त्याला फासावर नेऊन उभा करू? तू करशील तर कर, माझ्या पत्रानं करू नकोस. माझं पत्र मला परत दे. हात जोडते. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही.

हन्ना


खडकमाळ,
सोमवार, ३ फेब्रुवारी

हन्ना,

डाव्या हातानं लिहितोय, म्हणून थोडकं.

तुझं पत्र शनिवारी आलं. तू फळ्याचं लिहिलंस ते खरं आहे. शब्दन् शब्द खरा आहे. लोकांनी वाचावं, रानात यावं, असं मला वाटायचं. आणि 'वा मास्तर'ही हवं होतं. तसाच उठलो, कुऱ्हाड घेतली आणि फाटकावर जाऊन फळ्याच्या ढलप्या केल्या. येणारेजाणारे बघत होते. जयाच्या दारात जाऊन तिला सांगितलं की वेळ आणि जागा मी लिहिली होती. तिनं पायातली चप्पल काढून माझ्या तोंडावर मारली. बरं केलं.

काल सकाळी नोहा आला. एकटा. "मामा, पत्र द्या." नाही म्हटलं. त्यानं मला खुर्चीवरून ओढलं, उजवा हात उंबऱ्यावर ठेवला आणि लोखंडी तिपाई उचलून बोटांवर घातली. चार बोटं. नंतर पुन्हा विचारलं. मी त्याच्या हाताला चावलो, तोंडात रक्त येईपर्यंत सोडलं नाही. त्यानं बरगडीत लाथ घातली. तेव्हा मोठी दुर्बीण माझ्या डाव्या हाताला लागली, ती मी त्याच्या तोंडावर हाणली. डावी भुवई फुटली, हाड दिसलं. अजून एक हाणली असती, जीव घेतला असता. हात उचललाही होता. त्यानं डोळ्यातलं रक्त पुसायला तोंड वर केलं आणि मला तो दहा वर्षांचा दिसला. थांबलो. तेवढ्यात त्यानं कोटाच्या खिशातून ते पत्र काढलं, त्यासोबतची तुझी पुढची दोन्हीही, आणि माझ्याच स्टोव्हवर जाळली.

आज ठाण्यात जाऊन सगळं सांगितलं, चाल, खांदा, पत्र. साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "गुरुजी, आधी ओळखलं नाही म्हणालात, आता ओळखलं म्हणता. सहाशे मीटरवरून, खांद्यावरून. वकील उभं राहू देणार नाही तुम्हाला. कागद असता तर गोष्ट वेगळी." त्यांचं चूक नाही.

पत्र परत मागितलं होतंस. आता परत देण्यासारखं काही उरलं नाही. तुझा मुलगा सुटला. यापुढे मी तुझ्याकडे काही मागणार नाही, तूही मागू नकोस.

गिदोन


देवळाली प्रवरा,
गुरुवार, ६ फेब्रुवारी

प्रिय दादा, सलाम.

काल बुधवारी दुपारी तुझं पत्र आलं. डावी भुवई, हे मी पुन्हा वाचलं.

रविवारी नोहा कपाळावर फडकं दाबून आला होता. जीपचं बॉनेट आदळलं म्हणाला. दवाखान्यात नको, तूच शिव म्हणाला. मी माझी जुनी पेटी काढली, त्याला ओट्याशी बसवलं आणि पाच टाके घातले. भूल नव्हती. माझ्या पदराचं टोक दातात धरून बसला होता. हाताला चावल्याची खूण होती, ती कुत्र्याची म्हणाला. दातांचा ठसा माणसाचा आहे हे मला कळलं होतं, दादा. मी जखम धुतली आणि विचारलं नाही. सदरा धुताना विचारलं नाही, तसंच. मी माझ्या मुलाची आई कमी आणि त्याची नर्स जास्त झाले, आणि नर्स विचारत नाही.

आणि मी मोरीत घसरले नव्हते.

तुझं पत्र वाचून झालं तेव्हा तो जेवून आत झोपला होता. मी बाहेरून कडी घातली, कुलूप लावलं. खिडकीला गज आहेत. ठाण्यापर्यंत चालत गेले. कागद मागून घेतला आणि ते जाळलेलं पत्र पुन्हा लिहिलं. आठवतं तसं नाही, होतं तसं. गोणी, अकरा पाखरं, त्यांची पोटं, शेपटीतल्या सुया, पहाटे गेला, बाराला आला, सदऱ्यावरचं रक्त आणि ते कसं धुतलं तेही. मग दुसऱ्या कागदावर तो जे बोलला ते, ठेकेदाराच्या आणि पाहुण्यांच्या नावांसकट. तिथला हवालदार भला माणूस. म्हणाला, "बाई, घरी जाऊन इचार करा. पोरगा हाय तुमचा." मी म्हटलं, म्हणूनच लिहितेय, दुसऱ्या कुणाला हे माहीत नाही. धुतल्याबद्दल माझ्यावरही कलम लागेल म्हणतात. लागू दे.

ते गाडी घेऊन घरी आले तेव्हा गल्ली जमा झाली होती. दाराची खालची फळी त्यानं लाथाबुक्क्यांनी फोडली होती, हात रक्ताळलेले. कुलूप मी उघडलं. तो सरळ माझ्या गळ्यावर आला. मागच्या शुक्रवारी, मी खरं विचारलं तेव्हा, भिंतीला लावून धरला होता, तसाच धरला. चौघांनी मिळून सोडवला. त्याला जमिनीवर पालथं घातलं, पाठीवर काठ्या पडल्या आणि मी बघत उभी राहिले. हातानं खूण करून मी त्यांना थांबवलं, पण लगेच थांबवलं नाही. हे तुला सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही.

जयाला तू सांग. मला तिच्यासमोर जायचं धाडस नाही, पण बोलावलं तर येईन, तिच्या पायात चप्पल असली तरी. तुझी बोटं मला दाखव. चार बोटं नीट बसवली नाहीत तर मूठ वळणार नाही आणि मास्तर, तुला लिहिता आलं पाहिजे.

बेड्या घालून त्याला गाडीत चढवलं, तेव्हा तो एकदम गार झाला. मागे वळला. मला वाटलं, आता शिव्या देईल. कपाळाला हात लावता येत नव्हता म्हणून त्यानं मान थोडी वाकडी केली आणि विचारलं, "आई, टाके कधी काढायचे?"

शुक्रवारी, मी सांगितलं. भुवईचे टाके पाचव्या दिवशी काढतात, जास्त राहिले तर व्रण उरतो.

तुझी
हन्ना